जीपचे पाटे आणि थोरला साडू

सुरमईचा मधला तुकडा कुणाच्या ताटात पडतो, यावरून त्या घरात कुणाचं वजन किती ते कळतं. प्रभादेवीच्या चाळीत, माझ्या सासुरवाडीला, तो तुकडा नेहमी माझ्या थोरल्या साडूच्या ताटात पडायचा. मला शेपटीकडचा. वाढताना सासूबाई वर प्रेमाने म्हणायच्या, "तुम्हांला शेपटीकडचाच आवडतो, नाही?" मला शेपटीकडचा आवडतो हे मी कधी, कुणाला आणि कुठल्या भाषेत सांगितलं होतं, याचा शोध मी अजून घेतो आहे.

माझी बायको आणि त्याची बायको सख्ख्या बहिणी, म्हणून आम्ही साडू. एरवी आमच्यात साम्य काही नव्हतं. तो उंच, गोरा, केस मागे वळवलेले, आणि शर्टाला अशी इस्त्री की बसताना शर्ट आधी बसायचा आणि मग तो. मी कसा आहे ते सांगत नाही. कामगार नाट्यस्पर्धेत मला कायम विनोदी नोकराचं काम मिळायचं, एवढ्यावरून ओळखा. दोघंही गिरणीतच होतो. तो साचेखात्यात, म्हणजे जिथे माग चालतात आणि कापड विणलं जातं तिथे. मी रिंग खात्यात, जिथे सूत कातलं जातं. साचेखात्यातले लोक स्वतःला जरा वरचे समजत. तो तर जरा जास्तच.

त्याची एक सवय होती. समोरचा बोलत असला की हा त्याच्या तोंडाकडे एकटक बघत राहायचा. सासूबाई त्यावर खूश. "थोरले कसे लक्ष देऊन ऐकतात," असं त्या माझ्याकडे बघून म्हणायच्या. मी ऐकताना छताकडे बघतो. छताकडे बघितलं तरी माझे कान बंद होत नाहीत. पण लक्ष देणारा चेहरा मला जमत नाही, आणि सासुरवाडीला कानापेक्षा चेहऱ्याचीच कदर.

त्या एकटक बघण्याचं खरं कारण मला ठाऊक होतं. शेकडो माग एकाच छपराखाली खडखडत असले की तिथे माणसाचा आवाज माणसाला पोचत नाही. म्हणून साचेखात्यातले लोक ओठांवरून बोलणं वाचतात आणि हातांनी उत्तर देतात. या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला, घरी काल काय भाजी होती ते विचारू शकतो. आणि अशी काही वर्षं गेली की त्यांचे कान हळूहळू रजा घेतात. माझ्या साडूचे कान पार निवृत्त झाले होते. त्याने ते कुणाला कळू दिलं नव्हतं. मी ओळखलं होतं, कारण हेवा करणारा माणूस जितक्या बारकाईने बघतो तितकं प्रेम करणारा बघत नाही.

गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा सगळे म्हणाले, गणपतीपर्यंत मिटेल. पुढे पुढे, कुठल्या गणपतीपर्यंत, ते सांगायचं लोकांनी सोडून दिलं. आमच्या लालबागच्या खोलीत बायको डबे करू लागली आणि मी ते परळ-दादरच्या कचेऱ्यांत पोचवू लागलो. मधल्या वेळात ओळखीच्या एका टॅक्सीवाल्याने मला गाडी चालवायला शिकवली. साडूला ती आधीपासूनच येत होती. अर्थातच. त्याला काय येत नव्हतं?

अशात एके दिवशी सासऱ्यांनी जीप आणली.

आम्ही दोघंही त्यांना मामा म्हणायचो. ते संपाच्या आधीच बॉयलरवरून निवृत्त झाले होते, आणि हाताशी आलेलं सगळं त्यांनी त्या जीपमध्ये घातलं. खडीच्या खाणीवर राबलेली, लिलावात निघालेली जुनी जीप. ती चाळीच्या चौकात शिरली तेव्हा तिन्ही मजल्यांवरची माणसं सज्जात आली. गाडी बघायला नव्हे. कोण रडतंय ते बघायला. खड्डा आला की ती 'कुंईऽऽ' करून विव्हळायची आणि वर 'खट' असा एक दणका द्यायची. दम्याच्या माणसाने जिना चढून वर काठी आपटावी तसं.

रात्रीच्या जेवणाला मामांनी आम्हां दोघांना समोर बसवलं आणि बेत सांगितला. जीप गावाला न्यायची. मालवणच्या अलीकडे त्यांचं गाव. एसटी डांबरी रस्त्यावर सोडून निघून जाते, तिथून वाडीपर्यंत लोक डोक्यावर बोचकी घेऊन दगडाधोंड्यांतून चालत जातात. त्या वाटेला जीप घालायची आणि माणसं वाहायची. एका जावयाने गावी राहून गाडी चालवायची. कोणत्या, ते त्यांनी असं ठरवलं:

"बोंबलणाऱ्या गाडयेत मी मानसा बसवचंय नाय. जो हिचा तोंड बंद करीत, तेच्या हातात चावी. मगे तो थोरलो असो, नायतर धाकलो."

सासूबाईंनी लगेच थोरल्याच्या ताटात मधला तुकडा वाढला. म्हणजे त्यांच्या बाजूने निकाल लागलासुद्धा.

मी त्या रात्री बायकोला सांगितलं की ही चावी माझी आहे. मला तिच्या डब्यांवर जगायचा कंटाळा आला होता. दुपारी दादरच्या फुटपाथवरून डबे घेऊन चालताना जुना एखादा गिरणीवाला भेटला की मी रस्ता बदलायचो. तिने दुसऱ्या दिवशीची भाजी निवडायला घेतली.

पहिली पाळी मी मागून घेतली. रविवारी सकाळी चौकात तोबा गर्दी. संपात एक झालं होतं, चाळीतला प्रत्येक रिकामा माणूस प्रत्येक विषयातला तज्ज्ञ झाला होता. कुणी म्हणालं आवाज दाराच्या बिजागरीचा, कुणी म्हणालं मागच्या जादा चाकाचा, आणि एका आजींच्या मते गाडीला खाणीवरची दृष्ट लागली होती. मी सगळ्यांना हाताने गप्प केलं, लांब स्क्रू ड्रायव्हर मागवला आणि गाडीखाली आडवा झालो. दोघांना बंपर धरून गाडी वरखाली हलवायला लावली. स्क्रू ड्रायव्हरचं टोक लोखंडावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. डॉक्टरची नळीच ती. एकेका जागी टोक टेकवत गेलो आणि आवाज कुठून येतो ते पकडलं.

जीपला खाली स्प्रिंग असते ती गुंडाळीची नव्हे, पट्ट्यांची. पोलादी पट्ट्या एकावर एक रचलेल्या, वरची लांब, खालची आखूड, सगळ्या मिळून कमानीसारख्या वाकवलेल्या. गॅरेजवाले त्यांना पाटे म्हणतात. खड्डा आला की हे पाटे एकमेकांवर घसरतात आणि धक्का गिळतात. पण मध्ये गंज धरला की ते घसरायच्या ऐवजी एकमेकांना ओरबाडतात. एकाच सासुरवाडीच्या साडवांसारखे.

मी बाहेर आलो आणि आधी 'कुंईऽऽ' आणि मग 'खट', दोन्ही आवाज तोंडाने काढून दाखवले. हुबेहूब. सज्जांतून टाळ्या पडल्या. "पाटे कोरडे पडलेत," मी निकाल दिला. 'खट'चं काय, असं कुणीतरी विचारलं, पण टाळ्या चालू असताना असले प्रश्न घ्यायचे नसतात.

आता इलाज. रिंग खात्यातल्या माणसाला एकच औषध माहीत असतं: स्पिंडल ऑइल. सूत गुंडाळणाऱ्या चात्यांच्या बुडाला घालायचं पातळ, पाण्यासारखं नितळ तेल. चाती भन्नाट वेगाने फिरते आणि या तेलाच्या थेंबावर आवाज न करता फिरते. आमच्या घरांत गंगेचं पाणी नसेल, पण माळ्यावर स्पिंडल ऑइलची बाटली असायचीच. ती गिरणीतून घरी कशी यायची ते विचारू नका. शिवणयंत्राला तेच, कुलपाला तेच, आजोबांच्या गुडघ्यालाही तेच. मी चारही बाजूंच्या पाट्यांना ते मनसोक्त पाजलं.

साडू नळाजवळ उभा राहून बघत होता. पुढे आला, बोटावर एक थेंब घेतला, चोळला आणि म्हणाला, "पातळ आहे."

एवढंच. मला परमानंद झाला. जळला, जळला.

आणि गाडी खरोखर गप्प झाली. प्रभादेवीपासून पार ठाकूरद्वारापर्यंत आम्ही फेरी मारून आलो, 'कुंई' नाही की काही नाही. 'खट' अधूनमधून व्हायचं, तेवढ्यापुरता मी खोकायचो. त्या दुपारी सासूबाईंनी मधला तुकडा माझ्या ताटात ठेवला. मी तो काटा चोखून चोखून खाल्ला. साडूकडे बघितलं तर तो शेपटीकडचा तुकडा तितक्याच चवीने खात होता. ते मला फार लागलं. जरा वाईट तोंड केलं असतं तर त्याचं काय बिघडलं असतं?

माझं राज्य त्या आठवड्यापुरतंच टिकलं. पातळ तेल पाट्यांतून गळून गेलं. अर्धं चौकाच्या फरशीवर थारोळं करून बसलं, आणि पाण्याला जाणाऱ्या बायका त्यावरून घसरू लागल्या. चाळीत मला 'तेलवाले' हे नवं नाव पडलं. उरलेल्या तेलाला रस्त्यावरची धूळ चिकटली आणि पाट्यांमध्ये पॉलिश पेपर घालावा तसा तिचा लगदा झाला. पुढच्या रविवारी मामा मासळी आणायला मला घेऊन माहीमच्या खाडीवर निघाले. त्यांची तिथली कोळीण जुनी ओळखीची, सुरमई तिच्याकडचीच. कोळीवाड्यामागच्या खडबडीत जागेतून जीप गेली तेव्हा जो आवाज झाला, तसा मी कुठल्याही नाटकात काढू शकलो नसतो.

कोळीण पाटीवरून उठून उभी राहिली. "मामा, ही गारी हाय का घाना? माजी मासली परत पान्यान जाईल."

त्या दुपारी मला शेपटीकडचा तुकडा मिळाला. तोही लहानसा.

मग त्याची पाळी.

त्याने प्रेक्षक बोलावले नाहीत, तरी जमले. त्याने कान कशालाच लावला नाही. बंपर हलवायला मामांनाच सांगितलं आणि स्वतः शर्टाची बाही दुमडून (घडी न मोडता!) हात आत घातला. तळवा पाट्यांवर ठेवला, मग पाट्याचं टोक जिथे गाडीला लटकवलेलं असतं त्या दुव्यावर, मग पाटे आसाला आवळणाऱ्या बोल्टवर. डोळे मिटलेले. साचेखात्यात माग बिघडला की आवाजावरून कळत नाही, आवाज तर सगळ्याच मागांचा. हात ठेवून कळतं. शेवटी त्याने मामांचा हात धरला आणि त्यांच्या तळव्यावर आपली बोटं सरकवून दाखवलं: पाटे घासतात ते असं, सगळा वेळ थरथरत. मग एकच टिचकी मारली: आणि हे 'खट', ते दुव्यातलं बुश, म्हणजे आतली नळी, झिजल्याचं, ते असं, एकदाच. मामांनी पुन्हा एकदा टिचकी मारून घेतली. मामांना आजवर कुणी असा हात हातात धरून काही समजावलं नव्हतं. त्यांचा खुललेला चेहरा बघून मी तिथून काढता पाय घेतला.

मी वर सज्जात बायकोजवळ जाऊन उभा राहिलो आणि तिथून समालोचन सुरू केलं. हळू आवाजात. फक्त तिच्यापुरतं.

त्याने जॅक आसाखाली न लावता गाडीच्या सांगाड्याखाली लावला. त्यामुळे वजन वरच्या वर राहून चाकं खाली लोंबली आणि पाटे सैल पडले. मी म्हटलं, बघ, जॅकसुद्धा चुकीच्या जागी लावला. त्याने तारेच्या ब्रशाने माझं तेल आणि गंज खरवडून काढला. मी म्हटलं, बघ, माझी मेहनत गटारात घालतोय. मग त्याने खिशातून एक पातळ, चपटी पट्टी काढली. मागाच्या फणीतून धागा ओढून घ्यायची, विणकराची पट्टी. गिरणीतून सुटताना प्रत्येक जण काहीतरी घेऊनच सुटतो. त्या पट्टीवर काळी, जाड ग्राफाइटची ग्रीस घ्यायचा आणि दोन पाट्यांच्या फटीत सरकवायचा. फटीमागून फट. पोळीला तूप लावावं तसं, पण कंजूष माणसाने. शेवटी त्याने जाड कॅनव्हासच्या पट्ट्या ग्रीसमध्ये भिजवल्या, पाट्यांभोवती गुंडाळल्या आणि सुतळीने शिवून टाकल्या, म्हणजे धूळही जाणार नाही आणि ग्रीसही गळणार नाही. पोटरीला पट्टी बांधावी तसे चारही पाटे बांधून ठेवले. दुव्याचं बुश त्याने परळच्या एका कमानीवाल्याकडून, म्हणजे पाटे घडवणाऱ्या लोहाराकडून, बदलून आणलं.

हे सगळं इतकं सुबक होतं की मला राहवेना.

"गाडीला शिवून काय काढतोय," मी म्हटलं. "आणि समजा, झाला आवाज बंद. याला चावी दिली तर घाटात काय होईल? हा ठार बहिरा आहे. वळणावर मागून एसटी आली, हॉर्न दिला, याला कळणार आहे का? मामांना हे कुणी सांगितलंय? उद्या मी सांगतो."

बायकोने वाळलेले कपडे काढता काढता माझ्याकडे बघितलं.

"सांगा ना," ती म्हणाली. "पण भाऊजींकडे तोंड करून सांगा."

मग मी तिला तेच सांगितलं, जे त्या रात्री सांगितलं होतं. की तो गावाला गेला तर मी जन्मभर डबेच वाहणार. की मला डब्यांची लाज नाही, पण मला डब्यांखेरीज काहीतरी हवंय. हे मात्र खरोखर हळू बोललो. खाली चौकात तो पाटे शिवत होता, मान वर करून सुतळी दाताने तोडत होता.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. आमचे नाटकाचे मास्तर फार कडक. ते म्हणायचे, स्वगत म्हणजे मनातलं बोलणं, पण ते शेवटच्या रांगेला दिसलं पाहिजे. अक्षर न् अक्षर ओठांवर सुटं कर. दहा जणांत मला एकट्याला ते जमलं होतं. पुढे तर ती सवयच झाली. मी झोपेतसुद्धा शुद्ध आणि सुटं बोलतो, अशी बायकोची तक्रार आहे.

परीक्षेच्या दिवशी गाडी साडूने चालवायला घेतली. मामा पुढे त्याच्या शेजारी, मी मागे एकटा, कान टवकारून. प्रभादेवीहून शिवाजी पार्काकडून माहीमला. खोदलेले रस्ते, गटारांची वर आलेली झाकणं, सगळ्यांवरून गेलो. काही नाही. 'कुंई' नाही, 'खट' नाही. मी सीटखाली डोकं घालून ऐकलं. गाडी दुधाची साय होऊन चालली होती. माझ्यासारखा दुःखी माणूस त्या दिवशी माहीम रस्त्यावर दुसरा नसेल.

तेवढ्यात मागून टॅक्सी आली. हॉर्न. पुन्हा हॉर्न. आमची जीप रस्त्याच्या मधोमध आणि साडू राजासारखा ताठ बसलेला. टॅक्सीवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. मामांनी आधी मागे बघितलं, मग साडूकडे.

"मागचो कधीपासून हॉर्न मारता," ते म्हणाले. "आयकाक येता मां?"

साडू समोर रस्त्याकडे बघत होता. त्याने मामांचे ओठ पाहिले नव्हते. त्यामुळे मामा बोलले हेच त्याला ठाऊक नव्हतं. मामांच्या भुवया जवळ आल्या. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

यापेक्षा चांगला प्रवेश मला उभ्या आयुष्यात मिळाला नसता. एक वाक्य म्हणायचं होतं. तेही खरं. ते वाक्य मी सज्जात तालमीसकट पाठ केलं होतं.

"येतं हो ऐकू," मी म्हणालो. "पण इतकी गप्प गाडी हातात असल्यावर कुणाला बाजू द्यावीशी वाटेल, मामा?"

का म्हणालो, देव जाणे. रंगमंचावर समोरचा नट वाक्य विसरला आणि त्याचे डोळे पांढरे झाले की आपण आपल्या पदरचं एक वाक्य घालायचं आणि प्रवेश पुढे न्यायचा. तो नट कितीही नावडता असो, प्रेक्षकांसमोर त्याला पडू द्यायचं नाही. ती सवय असेल. मी चांगुलपणाने केलं असं कुणी म्हणू नये, कारण तोंडातून वाक्य गेल्याबरोबर मी स्वतःला मनात चार शिव्या दिल्या.

आणि मग माझी नजर पुढच्या आरशावर गेली. ड्रायव्हर आरसा लावतो तो मागचा रस्ता दिसावा म्हणून. हा आरसा जरा जास्त खाली वळवलेला होता. त्यात मला रस्ता दिसत नव्हता. त्यात साडूचे डोळे होते आणि ते सरळ माझ्या तोंडावर होते.

त्याने गाडी शांतपणे बाजूला घेतली. टॅक्सीवाला शिवी देऊन गेला. ती त्याने वाचली असावी, कारण त्याने मान हलवून तिचा स्वीकार केला. तसेच आम्ही कोळीवाड्यामागच्या त्या खडबडीत जागेत गेलो. दगडांवरून गाडी वरखाली झाली आणि तरी गप्प. कोळीण मासे कापत होती, तिने मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र कुठलं?

मामांनी चावी काढली आणि थोरल्यापुढे धरली.

त्याने ती घेतली नाही. आपण किती मोठ्याने बोलतो याचा अंदाज त्याला कधीच नव्हता. त्यामुळे तो जे बोलला ते सगळ्या कोळीवाड्याने ऐकलं.

"मामा, मला ऐकू येत नाही. मघाचा हॉर्न मला कळला नाही. धाकटा म्हणतो ते खरं आहे, वळणावर मागून एसटी आली तर मला कळणार नाही."

मामा माझ्याकडे वळले. मी कोळिणीच्या पाटीतल्या पापलेटांकडे बघितलं. हे मी कधी म्हणालो होतो? सज्जात, बायकोजवळ, हळू आवाजात. तो खाली होता. पाटे शिवत होता. मान वर करून सुतळी तोडत होता.

"तू सुटे शब्द बोलतोस," तो माझ्याकडे बघून म्हणाला, एखाद्याला तुझं अक्षर छान आहे म्हणून सांगावं तसं. "तिसऱ्या मजल्यावरून पण स्पष्ट दिसतात. आमच्या खात्यात असतास तर जॉबर झाला असतास, खात्याचा मुकादम."

म्हणजे सगळंच. गाडीला शिवून काय काढतोय, तेही. बहिरा, तेही. आणि जे मी खरोखर हळू बोललो होतो, डब्यांचं, तेसुद्धा. मला वाटलं पाटीतली एखादी सुरमई उचलून तिच्याआड तोंड लपवावं.

मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बॉयलरवर आयुष्य काढून त्यांचाही एक कान गेला होता, असं ते म्हणाले. ते आम्हांला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मग त्यांनी चावी माझ्यापुढे धरली. मला वाटलं साडू आता काहीतरी थोर, त्यागाचं वगैरे बोलणार. तो म्हणाला,

"चावी द्या याला. पण पाट्यांना हात लावू देऊ नका. आणि घरातली तेलाची बाटली आधी फोडून टाका."

ही अशी माझी चावी.

आम्ही गावी गेलो. बायकोने डबे बंद केले आणि एसटी थांबते तिथे चहाचं दुकान टाकलं. मी पुष्कळ वर्षं त्या वाटेने माणसं नेली. बाळंतिणी, नवरदेव, शाळामास्तर, एकदा तर कोंबड्यांसकट एक अख्खं बिऱ्हाड. साडू मुंबईतच राहिला, परळच्या त्याच कमानीवाल्याकडे कामाला लागला. तिथे दिवसभर घणाचे घाव पडतात, सगळेच ओठ वाचतात, आणि सगळ्यांत वरचा मान याला. गिरणीच्या जागी पुढे काचेच्या इमारती आल्या, पण त्याच्या शर्टाची इस्त्री मोडली नाही.

दर गणपतीला तो गावी यायचा. खिशात ती विणकराची पट्टी. बॅग ठेवायच्या आधी गाडीखाली हात घालायचा, मला बंपर हलवायला लावायचा, आणि सगळी वाडी गोळा व्हायची. जुने कॅनव्हास उसवायचा, पाटे उघडायचा, ग्रीस भरायचा, शिवायचा. लोक अजून त्या गाडीला 'थोरल्यांची गाडी' म्हणतात. रोज गाडी मी चालवायची, नाव त्याचं! एकदा एका म्हातारीने मला विचारलं, मालक कधी येणार? मी म्हटलं, गणपतीत.

आषाढात पावसाने वाट बंद झाली की आम्ही प्रभादेवीला येत असू. चाळ तीच, ताटं तीच. सासूबाईंचे हात आता थरथरायचे, पण सुरमईचा मधला तुकडा अचूक जागी पडायचा. मागच्या खेपेचीच गोष्ट. मी शेपटीकडचा तुकडा बघितला, आणि बायकोकडे झुकून, तोंडावर आडवा हात धरून, माझं नेहमीचं समालोचन सुरू केलं. हात धरायला मी त्या माहीमच्या दिवसापासून शिकलो आहे.

साडूने समोरून घास थांबवला. आता त्याच्या कानात यंत्र आहे, पण जेवताना तो ते काढून ठेवतो.

"हात काढ," तो सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं म्हणाला. "रंगात आलास की ओठ दिसत नाहीत."